घेवड्याचा चर

१

हे मी पेन्सिलीने लिहितोय, कारण शाई फुटते. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घ्या.

मार्च संपता संपता घेवड्याचा चर बुजवायचा, हे आमच्याकडे यॉर्कशरमध्ये ठरलेलं काम. टेकडीखालची जमीन नगरपालिकेने तुकडे पाडून भाड्याने दिली आहे आणि त्या तुकड्यांवर आम्ही चाळीसएक माणसं भाजीपाला लावतो. चाळीस जणांचं कशावर म्हणून एकमत होत नाही, पण चर कसा भरायचा यावर आहे. थंडीत गुडघाभर खोल खणायचा. हिवाळाभर त्यात बटाट्याची सालं, चहाचा चोथा आणि वर्तमानपत्रांची रद्दी टाकत राहायचं. सगळ्यांत वर जुनी लोकर घालायची, म्हणजे विरलेले स्वेटर, मोजे, कानटोप्या. लोकर पाणी धरून ठेवते आणि भर उन्हाळ्यात मुळांना प्यायला मिळतं. मग वरून माती ओढायची आणि मे महिन्यात थंडी सरली की बी टोचायचं.

आमच्या चरात लोकर नेहमी माझीच जायची. माझी बायको मेव्हिस दरवर्षी माझा एक स्वेटर मला न विचारता उचलायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "क्लिफ, तुझ्या अंगावर तो भिकाऱ्याचा दिसतो. जमिनीत गेला तर कामाला तरी येईल." चरात घालताना ती घडी करायची नाही. पाठ सपाट पसरायची, दोन्ही बाह्या सरळ बाजूला करायची आणि वरून हात फिरवायची. दर वसंतात माझे खांदे ओल धरल्यासारखे दुखायचे. ती मलम चोळायची आणि हसायची.

यंदा जानेवारीत मेव्हिसला झटका आला. तेव्हापासून ती टेकडीवरच्या हॉस्पिटलात आहे. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, घरी नेण्याची आशा धरू नका. मार्चमध्ये आमची मुलगी जेनिस दोन दिवस राहायला आली आणि तिने काळ्या पिशव्या काढल्या.

"डॅड, आईचं कपाट मोकळं करू या. आत्ता मी आहे. नंतर तू एकटा उघडून बसशील आणि जेवायचा राहशील."

"अजून ती आहे, जेनिस."

"आहे, मला माहीत आहे. पण ती परत येऊन हे कपडे घालणार आहे का? मला नको, स्वतःला खरं सांग."

नाही, घालणार नाही, असं मी म्हणालो. हे मी बोललो हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

बाकीचं सगळं दानाच्या दुकानात गेलं. लोकरीचे कपडे मात्र मी ठेवून घेतले. बाजारात कुणी बाई मेव्हिसचा हिरवा स्वेटर घालून कोबी निवडताना दिसली असती तर मी तिथेच मटकन बसलो असतो. त्यापेक्षा आमच्याच जमिनीत गेलेला बरा, असं वाटलं. मला ते प्रेमाचं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिचे पाच स्वेटर मी चरात घातले, आणि सगळ्यांत वर तो हिरवा, बटणांचा, तिने स्वतः विणलेला. बटणं उघडी ठेवली. पाठ पसरली, बाह्या सरळ केल्या, वरून हात फिरवला आणि माती ओढली. त्याच संध्याकाळी पाऊस लागला.

२

यॉर्कशरमध्ये पाऊस पडला असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. पण यंदाचा वेगळा होता. एप्रिल अर्धा सरला तरी जमिनीला वाफसा येईना. फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवायची सोय नव्हती, आणि फळीही हळूहळू खाली जायची.

माझ्या शेजारचा तुकडा नॉर्मन टॉर्डॉफचा. जन्मभर पोस्टमनकी केली, आता जन्मभराचं बोलून घेतोय. आमच्याकडे गुड फ्रायडेला बटाटे लावलेच पाहिजेत. का, ते विचारायचं नाही. नॉर्मन भर पावसात फळीवर ओणवा होऊन एकेक बटाटा पाण्यात सोडत होता.

"लावतोयस की बुडवून मारतोयस?" मी विचारलं.

"माझ्या बापाने ह्याच दिवशी लावले. तू तुझ्या तुकड्याचं बघ. तुझा चर पितोय, बघितलंस का?"

मी बघितलं. सगळीकडे पाणी साचून उभं होतं. नॉर्मनचे वाफे, माझा कांद्याचा वाफा, मधली वाट, सगळं चकाकत होतं. फक्त चराच्या पट्टीवर एक थेंब थांबत नव्हता. नॉर्मनच्या बाजूने एक बारीक ओघळ येत होता. तो वाट ओलांडून, किंचित चढ चढून, माझ्या चरात शिरत होता.

"लोकर जास्त घातली असेल," मी म्हणालो.

"किती मेंढ्या घातल्यास?" नॉर्मन म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

दुपारी हॉस्पिटलात गेलो तर सिस्टर पर्ल दारातच भेटली. ही बाई मूळची जमैकाची, पण वीस वर्षं आमच्या गावात काढल्यामुळे पावसाला आमच्यासारखीच शिव्या घालते.

"मिस्टर सग्डन, एक चांगली बातमी आणि एक चमत्कारिक. आधी चांगली. तुमची मेव्हिस बोलली."

"काय बोलली?"

"तीच चमत्कारिक बातमी. म्हणाली, मी भिजलेय. आणि खरंच भिजली होती हो. दोनदा गाऊन बदलला. तुम्हांला वाटतंय तसं नव्हे, मला ते ओळखता येतं. खांद्यांपासून भिजली होती."

मेव्हिस उशांना टेकून होती. मला बघून तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. अडीच महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला, जाडसर आणि ओढलेला, पण तिचाच.

"क्लिफ. भिजले रे."

मी तिचा हात धरून रडलो. ती बरी होत होती आणि मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. तिच्या केसांना पावसाळी मातीचा वास येत होता. तो माझ्याच हातांचा असेल असं मी धरून चाललो.

३

चाळीस वर्षं मी बसच्या डेपोत इंजिनं उघडली. पाणी दिसलं की ते कुठून येतं हे शोधणं, त्याचाच पगार मिळायचा. गळती असली की तिला वाट असते, आणि वाट असली की ती सापडते. ह्या एका गोष्टीवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

म्हणून तिचं भिजणं थांबेना तेव्हा मी वॉर्डाचं छत बघितलं. कोरडं ठणठणीत. खिडकीची चौकट चाचपली, मागच्या भिंतीला हात लावला, पलंगाखाली आडवा झालो.

"मिस्टर सग्डन, उठा बरं," सिस्टर पर्ल म्हणाली. "इथे आधीच एवढे म्हातारे जमिनीवर पडतात, त्यात तुमची भर नको."

"पाइप जातो का हो इथून?"

"नाही जात. मी कालच माणसाला बोलावून विचारलं. तुम्हांला काय वाटलं, मी बघितलं नसेल?"

मी मेव्हिसच्या उशीवर, गादीवर आणि पांघरुणावर वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर बसून राहिलो. बाहेर पाऊस वाढला. पांघरुणावरचा कागद कोरडाच राहिला. तिच्या पाठीखालचा कागद मऊ पडून फाटला. पाणी वरून येत नव्हतं. तिच्या कातडीपाशीच सुरू होत होतं.

सिस्टर पर्लने तिची नखं दाखवली. खाली काळी रेघ होती. "सकाळी ब्रशने घासली होती मी," ती हळू आवाजात म्हणाली. मग मेव्हिसचं मनगट उलटं केलं. कातडीवर उभ्या उभ्या बारीक रेषा उमटल्या होत्या. घट्ट विणीची बाही दिवसभर घालून काढली की राहतात तशा. हॉस्पिटलचा गाऊन सुती असतो आणि त्याला बाह्या कोपरापर्यंतच असतात.

"तिला काही घातलं होतं का तुम्ही?"

"काही नाही," सिस्टर पर्ल म्हणाली. "तुम्ही?"

मेव्हिसने डोळे उघडले. "क्लिफ, हा जड झालाय."

"काय जड झालंय, मेव्हिस?"

"हिरवा." तिला दम लागला होता. "तूच घातलास ना. बाह्या सरळ करून."

मी सिस्टर पर्लकडे बघितलं नाही. कोट उचलला आणि निघालो.

४

कपाट रिकामं केल्याचं जेनिसने तिला सांगितलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. रात्री जेनिसला फोन केला.

"मी कशाला सांगेन, डॅड? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? जेवलास का?"

मग मी डेपोतली जुनी युक्ती केली. रेडिएटर कुठे गळतो ते कळेना की आम्ही त्यात रंग ओतायचो आणि रंग कुठे निघतो ते बघायचो. आमच्या न्हाणीघरात कपड्यांच्या निळीचा अर्धा डबा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी नीळ बादलीत कालवली आणि चरावर ओतली. जमिनीने ती एका घोटात घेतली. मला स्वतःचंच हसू आलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पावसात उभा राहून मातीला नीळ पाजतोय.

तेव्हाच मला कोंब दिसले. घेवड्याचं बी मी पेरलंच नव्हतं, ते अजून तुकड्यावरच्या माझ्या खोपटात कागदाच्या पाकिटात होतं. तरी चरावर दोन ओळींत कोंब वर आले होते, आणि ते पांढरे होते. मागच्या वर्षीच्या शेंगा रद्दीत गेल्या असतील, असंही मला वाटून गेलं. पण चर वीस फूट लांब आहे आणि कोंब मधल्या पाच फुटांतच होते. मेव्हिसची उंची पाच फूट एक इंच आहे.

दुपारी वॉर्डाच्या दारात सिस्टर पर्ल नव्हती. ती मेव्हिसला एका कुशीवर वळवून तिची पाठ थोपटत होती. मेव्हिस खोकत होती. खोकून खोकून तिने तस्तात काहीतरी टाकलं आणि सिस्टर पर्लने ते माझ्यासमोर धरलं.

"मिस्टर सग्डन, तुम्ही हिला शाईबिई दिलीत का? मी ओरडणार नाही, फक्त खरं सांगा."

तस्तात गढूळ पाणी होतं आणि त्यात निळे धागे फिरत होते. मेव्हिसच्या ओठांच्या कडा निळ्या होत्या. उशीवर निळा डाग होता.

"मी तिला काही दिलं नाही," मी म्हणालो.

डॉक्टर आले. तरुण आहेत, समजूतदार आहेत. म्हणाले, तिच्या छातीत पाणी भरतंय. उपसलं की पुन्हा भरतं. कुठून येतंय ते कळत नाही, असं ते दोनदा म्हणाले. मला कळलं होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

५

सकाळी नॉर्मनला हाताशी घेतलं. चरात चुकून काहीतरी गेलंय, उकरायचं आहे, एवढंच सांगितलं.

"लग्नाची अंगठी का?"

"तसंच काहीसं."

दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि दोन्ही बाजूंनी फावडी चालवली. माती गरम होती. नॉर्मनलाही ते जाणवलं. "शेणखत घातलंस का?" त्याने विचारलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.

हातभर खाली हिरवी लोकर लागली. मी फावडं टाकलं आणि हातांनी माती बाजूला केली. पांढरी मुळं लोकरीच्या प्रत्येक टाक्यातून आत गेली होती, विणलीच होती म्हणा ना. उजवी बाही मोकळी झाली तेव्हा मी ती धरून ओढली. ती आली नाही. मी फळीवर पाय रोवले आणि दोन्ही हातांनी ओढली. दोन-चार मुळं तटातट तुटली.

"थांब, थांब," नॉर्मन म्हणाला. "क्लिफ, बटणं लावून कशाला पुरलास तो?"

मी खाली बघितलं. सातही बटणं लावलेली होती, थेट गळ्यापर्यंत. मी ती उघडी ठेवली होती. आणि स्वेटर सपाट नव्हता. समोरच्या बाजूला तो वर आलेला होता. मी बघत असतानाच तो थोडा आणखी वर आला, आणि मग खाली बसला.

नॉर्मनने टोपी काढली. एवढ्या वर्षांत त्याला पावसात टोपी काढताना मी बघितलं नव्हतं.

"हे झाक," तो म्हणाला.

"नॉर्मन, मला तो बाहेर काढायला हवा."

"मला सांगू नकोस. मला काही सांगूच नकोस. झाक ते आणि घरी जा." तो फावडं तिथेच टाकून निघून गेला. वाटेवर एकदा घसरला, उठला आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडला.

मी पुन्हा बाहीला हात घातला. तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, सोडली. माती हलक्या हाताने परत लोटली आणि तसाच चिखलाच्या बुटांनी टेकडी चढलो.

मेव्हिसच्या उजव्या दंडाला पट्टी बांधली होती. सिस्टर पर्लचा चेहरा उतरला होता.

"सव्वादहाला ओरडली. तीन वॉर्डांना ऐकू गेलं. उजव्या हाताला तिला काही जाणवतच नाही म्हणत होतो ना आपण? खांद्यापाशी कातडी फाटली, मिस्टर सग्डन. कुणी हात लावला नव्हता. मी स्वतः समोर उभी होते."

सव्वादहाला मी बाही ओढत होतो.

६

काढता येत नाही आणि ठेवता येत नाही. मग एकच उरलं, तिला कोरडं ठेवायचं.

खोपटाच्या छपराचे पत्रे मी उचकटले आणि चरावर टाकले. कडेने चारी बाजूंनी पन्हळ खणली. पन्हळ भरली की बादलीने उपसायची आणि लांब नेऊन ओतायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे काम कसं होतं ते विचारू नका. शेजारच्या तुकड्यांवरची माणसं बघायची आणि दुसरीकडे बघायची. नॉर्मन आला नाही. मी तीन दिवस तिथून हललो नाही. छप्पर नसलेल्या खोपटात बसून डुलक्या घेतल्या आणि थंड चहावर राहिलो.

फाटकाशी टेलिफोनचा लाल खोका आहे. तिथून दिवसातून दोनदा वॉर्डात फोन करायचो.

पहिल्या दिवशी सिस्टर पर्ल म्हणाली, "आज गाऊन एकदाच बदलला." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कोरडी आहे. सूप प्यायली." मी खोक्याला डोकं टेकून उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ती चिडली.

"मेव्हिस सारखी तुमच्याबद्दल विचारतेय. तुम्ही आहात कुठे?"

"काम आहे हो."

"काम! बायको मरणाच्या दारातून परत येतेय, दर तासाला नवऱ्याचं नाव घेतेय, आणि ह्यांना काम आहे. काय काम आहे ते तरी सांगा, मी तिला सांगते."

"तिला सांगा, चर सांभाळतोय."

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "पण ती म्हणते, क्लिफला सांग, तिथे थांबू नकोस. इथे ये. मला भीती वाटते."

मी गेलो. पाऊस ओसरला होता, पत्र्यांवर दगड ठेवले होते. तासाभराचा प्रश्न होता. मेव्हिस उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, गालांवर थोडी लाली. तिने डावा हात पुढे केला. मी तिच्याजवळ बसलो आणि आम्ही बोललो. काय बोललो? जेनिसबद्दल, नॉर्मनच्या बटाट्यांबद्दल. ती हसली. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली पंचवीस मिनिटं होती ती.

मग वारा उठला. खिडकी खडखडली, मागोमाग सर आडवी आली. मेव्हिस वाक्याच्या मध्येच थांबली. तिने तोंड उघडलं तर शब्दाऐवजी पाणी आलं, गढूळ, हनुवटीवरून गळ्यावर. ती माझ्याकडे बघत होती. डोळे पूर्ण शुद्धीत होते. मला सांगत होती आणि सांगता येत नव्हतं.

सिस्टर पर्ल धावत आली. डॉक्टर आले, नळ्या आल्या. मी पळत सुटलो.

७

दोन पत्रे नॉर्मनच्या वाफ्यात जाऊन पडले होते, तिसरा दिसतच नव्हता. चर काठोकाठ भरला होता. चर सोडून माझ्या तुकड्यावर एक थेंब साचलेला नव्हता, सगळं पाणी तिथेच येऊन उभं होतं आणि खालून बुडबुडे येत होते. बुडबुडे थांबून थांबून येत होते, आणि मधला खंड वाढत चालला होता.

मी बादली मारली. वीस बादल्या, तीस बादल्या. पाणी बोटभर खाली जायचं आणि परत चढायचं. मी ओरडलो, देवाचं नाव घेतलं, मेव्हिसची माफी मागितली. जेनिसला मी नाही म्हणालो होतो, ते परत घेतो, असं मोठ्याने म्हणालो. येणार आहे, ती परत येणार आहे, ती घालणार आहे. पाऊस पडतच राहिला.

लोकर पाणी धरून ठेवते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि तेव्हा माझ्या अंगावर एकच स्वेटर होता, करड्या रंगाचा, दोन वर्षांपूर्वी मेव्हिसनेच विणलेला. जुना नव्हता. अजून माझा होता.

मी कोट टाकला आणि स्वेटर काढला. पाण्यात उतरून हाताने चिखल बाजूला करत हिरवी लोकर शोधली. तिच्यावर माझा पालथा पसरला. पाठ सपाट केली. उजवी बाही सरळ केली. डावी बाही करायला गेलो, तर पाण्याखाली काहीतरी हललं आणि त्या बाहीला जागा करून दिली. मग ते तिच्यावर येऊन टेकलं.

मी एवढंच बघितलं. हातांनी माती ओढली, आणि ओढता ओढता माझे खांदे ओले झाले. पाऊस बाहेरून लागतो. हे आतून आलं.

पाणी उतरत गेलं. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा सिस्टर पर्ल रडत होती.

"जगली. कसं ते डॉक्टरांनाही विचारू नका. एकदम छाती मोकळी झाली. झोपलीय आता, कोरडी. झोपेत म्हणत होती, कुणीतरी अंगावर हात टाकलाय. उबदार आहे म्हणाली."

त्याला नऊ दिवस झाले. पाऊस थांबलेला नाही. मेव्हिसचा डावा हात चांगला चालतो, उजव्या हाताची बोटं हलतात. डॉक्टर म्हणतात, शनिवारी घरी नेऊन बघू. जेनिस रजा काढून येतेय. चूक झाली, असं ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणते. मी तिला सांगितलं, आईला दोन नवे स्वेटर घेऊन ये, चांगले, लोकरीचे.

माझ्या मनगटांवर उभ्या रेषा आहेत. खुर्चीवर मी रबरी चादर घालून बसतो. वहीचं पान ओलं होतं म्हणून पेन्सिल. आज सकाळी खोकल्यात पहिल्यांदा निळा धागा आला. डॉक्टरकडे गेलो नाही. काय करणार ते, छत तपासणार? शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. तेवढे निघावेत एवढंच माझं मागणं आहे. तिला उंबऱ्यातून आत घेईन म्हणतो.

दुपारी तिच्याकडे जाऊन आलो. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो, तिला बाहेरचं दिसू नये म्हणून. तिने माझा हात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"क्लिफ, तू किती भिजलायस."

"आत्ताच एक सर येऊन गेली."

"थांबला का पाऊस?"

"थांबला."

"मग वाफसा येईल." ती उशीला टेकली. डोळे मिटताना तोंडाचे दोन्ही कोपरे हलले. "घेवड्याची वेळ निघून चाललीय बघ. चरात तुझा एखादा स्वेटर घाल."

"घातलाय," मी म्हणालो.